शंभरावर पाच

आमच्या आजीचा शेकडा एकशे पाचाचा होता. गोवऱ्या असोत की आंब्याच्या कोया, मोजायला बसली की शंभरावर ती थांबायचीच नाही. आणखी पाच बाजूला काढायची आणि मग म्हणायची, “हं, झाला शेकडा.” आम्ही नातवंडं हसायचो. शाळा शिकलेली नाही, म्हणून असं, एवढंच आम्हाला वाटायचं.

ही मोजणी ती तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं विकत घेतली जातात त्या जागी, शिकली होती, हे फार उशिरा कळलं. मे महिन्यात पहाटे अंधारातच बायका जंगलात शिरायच्या. उन्हं चढली की पानांची गाठोडी घेऊन परत, मग दुपारभर ओसरीवर पुडके बांधणं. सत्तर पानांचा एक पुडका. संध्याकाळी ते फळीवर न्यायचे. तिथं ठेकेदाराचा मुन्शी वही घेऊन उभा. पान फाटतं, किडतं, सुकतं म्हणून तो शंभरामागे पाच पुडके जास्तीचे घ्यायचा. वहीत मात्र शंभरच.

“मंग बोलत काहून नोहोती?” मी एकदा विचारलं.

“बोललं तं दुसऱ्या दिवशी पान खराब निघते, बाप्पा.”

1969 मध्ये कायदा करून सरकारनं तेंदूचा व्यापार आपल्या हाती घेतला. पण फळीवर मोजणारा माणूस घेणाऱ्याचाच राहिला.

आमच्या आजोबांच्या, आबाजींच्या, गोष्टी बांबूच्या. 1945 मध्ये बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली, तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे. पुढं ते कटाईला जाऊ लागले. रानात महिना-महिना झोपडी टाकून राहायचं, बांबू तोडायचा, तुकडे करून बंडलं बांधायची. मजुरी बंडलावर. बंडल आखूड भरलं की सैल, हे ठरवणार डेपोवरचा माणूस. एवढा बांबू हातून गेला, पण घराच्या कुडाला दोन बांबू आणायचे तर आबाजी चांदणं मावळायची वाट बघत. बांबू खरा गवताच्या कुळातला. पण 1927 च्या वन कायद्यानं त्याला झाडांत बसवलं. आबाजी म्हणायचे, “गवत आमी कापलं तं चोरी, गिरनीसाठी कापलं तं कंत्राट.”

पुढं कॉलेजात अमेरिकेतल्या कोळसा खाणींचा इतिहास वाचताना मी एका पानावर अडकलो. तिथं मजुरी टनावर मिळायची आणि काटा कंपनीचा. 1913 मध्ये कोलोरॅडोतल्या खाणकामगारांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत एक होती : काट्यावर वजन तपासायला आम्ही निवडलेला आमचा माणूस हवा. सर्वांत मोठी कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. 20 एप्रिल 1914 रोजी लडलोला संपकऱ्यांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले, बायका-मुलं होरपळून-गुदमरून मेली. एवढ्या मोठ्या धनवंताला काट्यापाशी एक मजूर उभा राहिलेला का सोसत नव्हता, हे मला पुस्तकानं नव्हे, आजीच्या शेकड्यानं समजावलं. मजुरीचा दर चार लोकांदेखत ठरतो. तो वाढवला तरी मालक मोजणीत परत घेऊ शकतो.

आमच्याकडं हा काटा हलला तो धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत ग्रामसभा बांधली, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायची रीत पाडली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागे, आणि पासबुक वनखात्याकडं. म्हणजे वही अजून दुसऱ्याच्याच हाती. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि ते पुस्तक ग्रामसभेला मिळालं. बातमी ऐकून आबाजींनी एवढंच विचारलं, “मंग आता शिक्का कोन मारते? गावच?” आणि बराच वेळ ते गप्प बसले.

2013 नंतर आमच्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूही स्वतः विकू लागल्या. सगळं गोड झालं असं नाही. भाव पडतो, ठेकेदार पैसे थकवतो, हिशेबावरून गावातच भांडणं होतात. पण आता ती भांडणं आपल्या वहीवरची असतात.

आमच्या गावात अशी पहिली फळी लागली तेव्हा आजी ऐंशीच्या घरात होती. तरी हट्टानं तिनं शेकडाभर पुडके बांधलेच. मोजायला बारावी झालेली गावचीच पोर. तिनं ओळी मोजल्या, वहीत शंभर लिहिले आणि उरलेले पाच आजीपुढं सरकवले.

“आजी, हे जास्तीचे.”

“जास्तीचे नोहोत, माय. शेकड्याचेच होत.”

पोरगी हसली, पुन्हा मोजून दाखवलं. आजी ते पाच पुडके पदरात घालून घरी घेऊन आली. विडी आमच्या घरात कोणी ओढत नाही. ते पुडके पावसाळाभर वळचणीला खोचलेले होते, फेकायचा विषय निघाला की आजी म्हणायची, “राहू द्या. माहे हायेत.”