इडली

इडली : उडदाची डाळ व तांदूळ वाटून, ते पीठ आंबवून आणि वाफेवर शिजवून केलेला मऊ, जाळीदार दक्षिण भारतीय पदार्थ. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ, आंध्र प्रदेश व तेलंगण येथे तो घरोघरी न्याहारीला होतो. सांबार, ओल्या नारळाची चटणी किंवा तिळाच्या तेलात कालवलेली पोडी (मसालेदार पूड) ही त्याची नेहमीची सोबत. तीन-चार वाट्या तांदळाला डाळ एकच वाटी लागते, त्यामुळे इडलीची गणना सहसा तांदळाच्या पदार्थांत होते. तिचा इतिहास, पिठात रात्रभर घडणारी क्रिया आणि घरातील कृती एकत्र पाहिली, तर निष्कर्ष वेगळा निघतो : इडली मुळात उडदाची आहे. तांदूळ तिला अंग देतो. तिला इडलीपण देतो तो उडीद.

या नावाचा जुना उल्लेख शिवकोट्याचार्यांच्या ‘वड्डाराधने’ या सुमारे ९२० मधील कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’ असा येतो. दुसऱ्या चावुंडरायाच्या सुमारे १०२५ मधील ‘लोकोपकार’ या ग्रंथात कृतीही आहे : उडीद ताकात भिजवून बारीक वाटायचे आणि त्यात दह्याची निवळी, जिरे, धने, मिरी व हिंग मिसळायचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील ‘इड्डरिका’ही उडदाच्या पिठाचीच आहे. या कृतींत तांदूळ नाही. त्यावर असा आक्षेप घेता येईल, की तांदूळ, दीर्घकाळ आंबवणे व वाफवणे ही आजच्या इडलीची तीन लक्षणे जिच्यात दिसत नाहीत, तिला इडली म्हणावे कशाला? अन्नेतिहासकार के. टी. आचाया यांनी याच उणिवांवर बोट ठेवून वाफवण्याची रीत इंडोनेशियाकडून आली असावी, असा तर्क मांडला होता. तो वादग्रस्त आहे; भांड्याच्या तोंडाला फडके बांधून वाफवायला परदेशी पात्राची गरज नसते, आणि केरळमधील रामशेरीची इडली मातीच्या भांड्यावर कापड ताणून आजही तशीच होते. पण तर्क खरा मानला तरी मूळ मुद्दा ढळत नाही. पदार्थाची रीत बदलली, त्यात नवे धान्य आले. नाव मात्र उडदाबरोबर टिकले.

उडदाला हे स्थान का, याचे उत्तर त्याच्या चिकटपणात आहे. महाराष्ट्रात उडदाचे घुटे खाणाऱ्याला किंवा पापडाचे पीठ कुटणाऱ्याला हा गुण सांगावा लागत नाही. भिजलेल्या डाळीतील प्रथिने आणि अरबिनोगॅलॅक्टन ही चिकट बहुशर्करा वाटताना हवा धरून फेस तयार करतात. डाळीवर मुळातच असणारे ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्ससारखे जीवाणू नंतर पिठात वाढतात, म्हणूनच दह्यासारखे विरजण इथे लागत नाही. हे जीवाणू आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही निर्माण करतात. आम्लाने पीठ आंबते, वायूने फुगते. वायू तयार होणे पुरेसे नसते, तो पिठात कोंडून राहावा लागतो, आणि ते काम उडदाचा फेस करतो. नुसत्या तांदळाचे पीठही आंबते, पण त्यातील बुडबुडे वर येऊन फुटून जातात. तांदळाचा स्टार्च वाफेच्या उष्णतेने फुलून घट्ट होतो आणि फेसाने धरलेली जाळी कायम करतो; तो नसता तर शिजलेला फेस चिकट राहिला असता.

घरातील कृतीतला प्रत्येक नियम याच विभागणीतून आला आहे. डाळ व तांदूळ ४ ते ६ तास वेगवेगळे भिजवतात आणि वेगवेगळेच वाटतात, कारण दोघांकडून अपेक्षा निराळ्या. डाळ थंड पाणी थोडे थोडे घालत लोण्यासारखी हलकी होईपर्यंत वाटायची; तिचा थेंब वाटीतल्या पाण्यावर तरंगला की ती झाली. तांदूळ शक्यतो उकडा घ्यावा आणि रवाळ ठेवावा. मग मीठ घालून दोन्ही हाताने कालवावे व उबदार जागी ८ ते १२ तास झाकून ठेवावे. थंडीत याहून जास्त वेळ लागतो. फुगलेले पीठ न ढवळता डावाने अलगद उचलून तेल लावलेल्या वाट्यांत घालावे आणि पाणी आधी उकळलेल्या इडलीपात्रात १० ते १२ मिनिटे वाफवावे. दगडी रगड्यावर किंवा वेट ग्राइंडरवर डाळ वाटली तर एका वाटीला तांदूळ चार वाट्या चालतो, मिक्सरवर तीनच. मिक्सरचे पाते पीठ तापवते आणि फेस कमी धरते. म्हणजे तांदळाचे माप ठरते, ते उडीद किती भार पेलू शकतो यावरून.

या मताविरुद्ध दोन ठळक उदाहरणे पुढे येतात. कर्नाटकातील रवा इडलीत सहसा उडदाचे पीठ नसते, आणि गोव्यातील सान्ना परंपरेने सूर (माडी) घालून फुगवतात. मात्र रवा इडलीत वायू पुरवतो सोडा, आणि तो धरून ठेवायला गव्हातील ग्लूटेन असते. सोड्याचा वायू क्षणात येतो व जातो, म्हणून ते पीठ लगेच वाफवावे लागते. सान्ना सुरेतील यीस्टने फुगते आणि तिचे नावही वेगळे राहिले आहे. उडीद वगळला की त्याच्या जागी दुसरी तजवीज करावी लागते, हेच दोन्हींतून दिसते. तांदळाचे तसे नाही. ज्वारी, नाचणी किंवा वरीची इडली करताना धान्य बदलते, उडीद राहतो आणि इडली फुगतेच.

एखाद्या सकाळी इडली दडस उतरली, की घरात बहुधा तांदळाची जात किंवा वाफेची मिनिटे यांवर ठपका येतो. उकड्याऐवजी साधा तांदूळ घेतला तर इडली थोडी निबर होते हे खरे, पण दडस होण्याचे कारण आधी डाळीत शोधावे : ती फार जुनी होती का, वाटताना तापली का, पुरती हलकी झाली होती का. पाण्यावर तरंगणारा तो थेंब आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचे भाकीत सांगतो.