‘शुगर डाऊन झाली’: एका तक्रारीचा शंभर वर्षांचा इतिहास

जेवून दोन-तीन तास झाले की अंगाला थरथर सुटते, घाम फुटतो, छातीत धडधडते, डोके सुन्न होते आणि काहीतरी गोड खावेसे वाटते. गोड खाल्ले की दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते. असे तुम्हाला होते का? मधुमेह नसतानाही होते का? मग ही तक्रार कुठून आली आणि डॉक्टरांनी ती कशी समजून घेतली, हे जरूर वाचा. या इतिहासातच तुमच्या आहाराची उत्तरे आहेत.

इन्सुलिनमुळे कळलेला आजार

1921 मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यानंतर डॉक्टरांना एक नवीन गोष्ट दिसू लागली. इन्सुलिनचा डोस जास्त झाला की रुग्णाला घाम, थरथर, भूक आणि गोंधळल्यासारखे होई.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातले डॉ. सील हॅरिस यांनी नेमकी हीच लक्षणे इन्सुलिन कधीही न घेतलेल्या लोकांमध्ये पाहिली. त्यांनी 1924 मध्ये लेख लिहून मांडले की काहींचे स्वादुपिंड स्वतःच गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते. त्यांचा उपाय होता साखर व मैदा कमी करणे आणि थोडे थोडे, वारंवार खाणे. शंभर वर्षांनंतरही सल्ला जवळपास तोच आहे.

1927 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी याच्याशी मिळताजुळता पण गंभीर आजार नोंदवला. तो होता इन्सुलिन बनवणारी स्वादुपिंडाची गाठ. म्हणजे ‘साखर कमी होते’ या एकाच तक्रारीमागे साधे कारण असू शकते, तसेच धोक्याचेही.

व्हिपल यांचे तीन प्रश्न

हा फरक कसा ओळखायचा? न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक डॉ. ॲलन व्हिपल यांनी 1930 च्या दशकात तीन कसोट्या दिल्या. लक्षणे आहेत का? त्याच वेळी तपासलेली साखर खरोखर कमी आहे का? साखर वर आल्यावर लक्षणे जातात का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच साखर कमी झाली असे म्हणायचे. मधुमेह नसलेल्या माणसात साधारण 55 मिलिग्रॅमच्या खालचा आकडा अर्थपूर्ण धरतात.

हे तीन प्रश्न विसरले गेले तेव्हा गोंधळ झाला. 1960-70 च्या दशकांत अमेरिकेत थकवा, चिडचिड, उदासी अशा प्रत्येक तक्रारीला ‘लो शुगर’ म्हणण्याची लाट आली. शेवटी 1973 मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनांना निवेदन काढून सांगावे लागले की यातल्या बहुतेकांची साखर कमी नसते. ग्लुकोज पाजून केलेल्या लांबलचक चाचणीत तर कित्येक निरोगी माणसांचीही साखर घसरते. म्हणून त्रास होत असतानाच साखर तपासा. अशक्तपणा, थायरॉईड किंवा चिंता यांमुळेही असेच वाटू शकते.

पुण्याचा धडा

आपल्यासाठी महत्त्वाचा दुवा पुण्यात आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, असे आपल्यापैकी अनेकांचे शरीर असते. अशा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. मग काहींमध्ये ते उशिरा आणि जास्त सुटते आणि जेवणानंतर काही तासांनी साखर खाली जाते. म्हणून या तक्रारीत एचबीए1सी तपासणे शहाणपणाचे. कधी कधी ही मधुमेहाची आधीची चाहूल असते.

भिवंडीतले ताट

1982 च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर कापडाचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे आले. इथल्या कामगाराची पाळी अनेकदा बारा तासांची असते. गोड चहा-खारी, मग दुपारी भाताचा डोंगर आणि पातळ डाळ, मग पुन्हा गोड चहा. साखर झपकन चढायला आणि घसरायला हे पुरेसे आहे. चालत्या मागाजवळ चक्कर आली तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

1981 मध्ये टोरांटोच्याच डॉ. डेव्हिड जेनकिन्स यांनी 62 पदार्थ तपासून ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडला. त्यात कडधान्ये साखर सर्वांत हळू वाढवणाऱ्यांत निघाली. आपले वाल, चवळी, मूग, हरभरे त्याच जातीचे. तेव्हा:

- भात निम्मा करा. आधी कोशिंबीर, उसळ, मासे किंवा अंडे खा, भात शेवटी.
- दर तीन-चार तासांनी थोडे खा. पाळीवर जाताना भाजलेले चणे किंवा शेंगदाणे खिशात ठेवा.
- उपाशीपोटी गोड चहा किंवा सरबत नको. रोजा सोडताना एक-दोन खजूर आणि पाणी घ्या, सरबताचे ग्लास टाळा.
- साखर खरोखर घसरली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पाठोपाठ चणे, अंडे किंवा दूध घ्या. नुसत्या साखरेवर थांबलात तर पुन्हा तीच घसरण होऊ शकते.

कधी थांबू नये?

पहाटे किंवा उपाशीपोटी त्रास होत असेल, बोलणे अडखळत असेल, शुद्ध हरपत असेल, पोटाचे ऑपरेशन झाले असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आहारावर विसंबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर किंवा पाणी घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

बाकीच्यांनी दोन आठवडे एक वही ठेवावी: काय खाल्ले, किती वाजता, त्रास कधी झाला, तेव्हा साखर किती होती. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. व्हिपल यांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांना तिथेच सापडतील.