डीएनए : निर्दोषाची ढाल की संशयितांची नोंदवही?

डीएनए चाचणी म्हटली की गुन्हेगाराला पकडणारे यंत्र, असेच आपल्याला मालिका-सिनेमांनी शिकवले आहे. इतिहास वेगळे सांगतो. खुनाच्या तपासात ही चाचणी पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा तिने आधी एका निर्दोष मुलाला सोडवले. हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगत आहोत. भारतातील तुरुंगांत दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. त्यामुळे हा प्रश्न आधी आपला आहे.

सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणसागणिक वेगळा असणारा डीएनएचा ठसा सापडला. त्याच परिसरात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली १७ वर्षांच्या एका मुलाने पोलिसांपुढे दिली. पहिला खूनही त्याचाच असणार असे पोलिसांना वाटत होते. जेफ्रीज यांनी नमुने तपासले. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे निघाले, पण तो माणूस हा मुलगा नव्हता! पुढे हजारो पुरुषांचे रक्त तपासले गेले. खऱ्या गुन्हेगाराने स्वतःऐवजी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. ते उघडकीस आले आणि १९८७ मध्ये तो पकडला गेला.

ही चाचणी नसती तर त्या मुलाचे काय झाले असते? त्याची कबुली तर पोलिसांच्या हातात होती.

अमेरिकेत १९९२ साली बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी 'इनोसन्स प्रोजेक्ट' सुरू केला. जुन्या खटल्यांतील जपून ठेवलेले कपडे आणि नमुने पुन्हा तपासायचे, हे त्याचे काम. १९९३ मध्ये कर्क ब्लड्सवर्थ सुटला. पाच साक्षीदारांनी त्याला ओळखले होते आणि त्याला फाशीची शिक्षाही झाली होती. २०२० पर्यंत तिथे असे सुमारे ३७५ जण डीएनएमुळे निर्दोष ठरले. त्यांत जवळपास ६० टक्के कृष्णवर्णीय होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास आहे. चुकीचा माणूस पकडला जातो तेव्हा तो कोणत्या वस्तीतला असतो, हे या आकड्यांतून दिसते.

पण विज्ञान आले म्हणजे न्याय आला, असे आम्ही मानत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली एका स्त्रीवर बलात्कार झाला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतील पाच किशोरवयीन मुलांकडून पोलिसांनी कबुलीजबाब घेतले. डीएनए त्यांच्यापैकी कोणाशीही जुळला नव्हता, तरीही त्यांना शिक्षा झाली. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला आणि मगच या पाचजणांवरील शिक्षा रद्द झाल्या. पुरावा समोर होता. पूर्वग्रहाने तो बघू दिला नाही.

आता आपल्याकडे पाहू. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्यांबरोबरच या जमातींचा उल्लेख करून हिंदू संस्कृतीला जाब विचारला आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला. संशय गेला का? महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा जणांना २००३ च्या एका गुन्ह्यात गोवले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, ही गोष्ट तेव्हा न्यायालयाने महत्त्वाची मानली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. गेलेली वर्षे कोण परत देणार?

डीएनएबाबत आपले कायदे कोणाच्या बाजूचे आहेत, तेही तपासा. २००५ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या आरोपीचे डीएनए नमुने घेण्याची तरतूद आली. २०२२ च्या कायद्याने पोलिसांना जैविक नमुने घेण्याचे अधिकार वाढवून दिले आणि या नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे नमुना घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण शिक्षा झालेल्या कैद्याने 'माझी चाचणी करा, मी निर्दोष आहे' असे म्हटले, तर त्याला तो हक्क देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिक्षेनंतरही सरकारी खर्चाने डीएनए चाचणी मागण्याचा हक्क कायद्यात लिहा. कैदी तुरुंगात आहे तोवर पुराव्याचे नमुने नीट जपा. चुकीच्या खटल्यांच्या भरपाईबाबत विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला, त्याला कायद्याचे रूप द्या. कलम २१ ने दिलेला जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क तुरुंगाच्या दारात संपत नाही. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याच्या हाती हा पुरावा पोहोचला पाहिजे.

जय भीम!