एका सकाळचे दोन विक्रमवीर

मोटारीचा वेग म्हटला की आपल्याला इंजिन आठवते. पण ताशी चारशे किलोमीटरच्या घरात गेल्यावर खरी झुंज हवेशी असते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून १९३०च्या दशकात जर्मन अभियंत्यांनी खास विक्रमासाठी माशासारख्या गुळगुळीत अंगाच्या मोटारी बांधल्या. चाकेसुद्धा पत्र्याखाली झाकलेली. मर्सिडीजच्या गाडीला तर रेडिएटरसाठी पुढे मोठे तोंड नको, म्हणून तो बर्फाच्या पेटीत ठेवला होता. एका धावेपुरता बर्फ पुरे!

२८ जानेवारी १९३८. फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट हा नवा, सरळसोट महामार्ग. भल्या सकाळी रुडॉल्फ काराच्चिओलाने ही मर्सिडीज ताशी ४३२.७ किलोमीटर वेगाने नेली. सार्वजनिक रस्त्यावरचा हा विक्रम थेट २०१७मध्ये मोडला.

प्रतिस्पर्धी ऑटो युनियन कंपनीचा बेर्न्ड रोझेमायर तिथेच होता. वय अवघे २८. आदल्या ऑक्टोबरात याच रस्त्यावर त्याने चारशेचा आकडा ओलांडला होता. आता तो मान त्याच दिवशी परत मिळवायचा होता. दोन्ही कंपन्यांना हिटलरच्या सरकारचा पैसा होता, आणि विक्रम हा त्या राजवटीच्या जाहिरातीचा भाग होता. अशा वेळी ‘आज नको, उद्या पाहू’ म्हणणे किती अवघड असेल!

दुपार जवळ आली तसा वारा वाढला. रोझेमायरच्या गाडीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे जवळजवळ जमिनीपर्यंत उतरवलेले होते. समोरची हवा कापायला ते सोयीचे, पण आडवा वारा आला की तेच शिडासारखे फुगणार. तसेच झाले असावे. आडव्या वाऱ्याचा झोत हेच अपघाताचे कारण सामान्यतः मानले जाते. गाडीचे तुकडे झाले. रोझेमायर बाहेर फेकला जाऊन रस्त्याकडेच्या झाडीत सापडला.

त्याची पत्नी एली बाइनहॉर्न स्वतः नामांकित वैमानिक. १९३१-३२मध्ये ती एकटी विमान घेऊन आशियामार्गे ऑस्ट्रेलियाला गेली होती. वारा म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होते. त्या दिवशी तिचा मुलगा जेमतेम अडीच महिन्यांचा होता. ती शंभर वर्षे जगली, २००७मध्ये वारली.

त्या महामार्गाच्या कडेला आज रोझेमायरचा स्मृतिस्तंभ आहे.