राक्षसभुवन ते खर्डा : मराठे-निजाम सख्याची चिकित्सा

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरीच्या तीरीं, गेवराई तालुक्यांत राक्षसभुवन हें क्षेत्र आहे. शनीच्या स्थानामुळें त्याचें नांव भाविकांस ठाऊक आहे. इतिहासाच्या वाचकांस तें १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळें ठाऊक असतें. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेबाहेर थोड्याच अंतरावर, जामखेड तालुक्यांत, खर्डा आहे. तेथील लढाई ११ मार्च १७९५ ची. या दोन लढायांच्या मधील काळांत, रघुनाथरावाची १७७३ ची स्वारी सोडली तर, पुणें व हैदराबाद या दोन दरबारांत मोठें युद्ध झालें नाहीं. उलट तीन प्रसंगीं दोघांनीं मिळून तिसऱ्याशीं सामना मांडला. त्या सख्याला बदलत्या संकटाप्रमाणें स्वतःस बदलतां आलें कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखांत तपासणार आहों.

उदगीरचा मोड निजामअलीच्या मनांतून गेला नव्हता. पानिपतानंतर त्यानें पुण्याच्या रोखानें चाल केली, व पेशव्यांच्या घरांत चुलत्या-पुतण्यांचा कलह माजल्यावर त्याला आयतीच संधि सांपडली. १७६३ सालीं नागपूरकर जानोजी भोसले त्याला मिळाला, आणि मोंगलांच्या फौजेनें पुणें लुटलें व जाळलें. या मसलतीचा सूत्रधार निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर होय. परंतु तिचा पाया लोभाचा होता. मुलखाच्या आशेनें आलेला जानोजी अधिक मुलखाच्या आशेनें फुटला. निजामअली गोदावरी उतरून पलीकडे गेला असतां नदी भरून वाहत होती. अलीकडे राहिलेल्या फौजेवर माधवरावानें घाला घातला. त्यांत विठ्ठल सुंदर पडला व सप्टेंबरांत तह झाला. ज्या मैत्रीस समान भय नाहीं व केवळ वांटणीची आशा आहे, ती अधिक बोली बोलणाराच्या हातीं जाते, हा राक्षसभुवनचा पहिला धडा आम्ही समजतों.

माधवरावाचें शहाणपण विजयानंतर दिसून येतें. हरलेल्या शत्रूस त्यानें पुरता नागवला नाहीं. १७६६ सालीं त्यालाच बरोबर घेऊन जानोजीवर दाब आणला. परंतु निजामाची निष्ठा कोणाशींच बांधलेली नव्हती. त्याच वर्षीं त्यानें इंग्रजांशीं तह केला, १७६७ सालीं हैदरास मिळून त्यांच्याशींच लढाई केली, व १७६८ सालीं पुन्हां इंग्रजांशीं तह केला. याला चंचलता म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण तीन बलिष्ठ शेजाऱ्यांमध्यें सांपडलेल्या राज्याचें तें स्वसंरक्षण होतें, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

पुढें संकटाचें रूप पालटलें. रघुनाथरावाचा पक्ष घेऊन मुंबईकर इंग्रज पुण्यावर उठले, तेव्हां नाना फडणिसानें १७७९-८० त हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांस एका मसलतींत गोंविलें. दक्षिणेंतील सर्व सत्ता इंग्रजांविरुद्ध एकवटण्याचा हा मोठा यत्न होय. पण वॉरन हेस्टिंग्जनें गुंतूरचा प्रांत परत देववून निजामास स्वस्थ बसविलें व पैका देऊन नागपूरकरांची फौज थोपविली. हैदर मात्र खरोखरीच लढला. १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला व ती मसलत विराली.

दोनच वर्षांनीं, १७८४ सालीं, यादगीर येथें नाना व निजामअली यांची भेट झाली. आतां शत्रु टिपू होता. १७८६ त दोघांच्या फौजांनीं बदामी घेतली. १७८७ त टिपूशीं तह झाला. पुढें १७९० च्या जून-जुलैंत पुणें, हैदराबाद व इंग्रज यांचा त्रिवर्ग करार झाला आणि दहा वर्षांपूर्वींचा शत्रु मित्र बनला. जिंकलेला मुलूख तिघांनीं समान वांटून घ्यावा, असें ठरलें. धारवाडच्या वेढ्यांत परशुरामभाऊ पटवर्धनाबरोबर कप्तान लिटलची पलटणें होतीं. मार्च १७९२ मध्यें श्रीरंगपट्टणचा तह होऊन टिपूचें अर्धें राज्य व तीन कोटि तीस लक्ष रुपये दोस्तांच्या पदरांत पडावयाचे ठरले.

येथवर हें सख्य संकटाप्रमाणें वळत गेलें. खरी कसोटी जयानंतर आली. लॉर्ड कॉर्नवॉलिस यानें तिघांनीं परस्परांच्या राज्याची हमी घ्यावी असा तह सुचविला. निजाम राजी होता. नाना राजी झाला नाहीं. नानाचें कारण खोटें नव्हतें. निजामाकडे चौथाईची मोठी बाकी होती, व इंग्रज निजामाचा हमीदार झाला असतां ती बाकी कायमची बुडाली असती. शिवाय दोन हिंदी दरबारांच्या तंट्यांत इंग्रज कायमचा पंच होऊन बसला असता. परंतु निजामाचें भय टिपूकडून सरून आपल्याच दोस्ताकडे वळलें आहे, हें पुण्यानें पुरतें ओळखलें नाहीं. घरचा तंटा तोडण्याचा कांहींच मार्ग त्या करारांत नव्हता, हें त्याचें मुख्य वैगुण्य होय.

तो तंटा खर्ड्यावर तुटला. शिंदे, होळकर, भोसले व पटवर्धन एका झेंड्याखालीं आले. सर जॉन शोअर तटस्थ राहिला. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यांत कोंडला गेला, व मुलूख, पैका आणि दिवाण मुशीरुल्मुल्क हे स्वाधीन करून सुटला. मराठ्यांचा हा शेवटचा एकत्र विजय म्हणून त्याचा गौरव होतो, तो रास्तच आहे. पण त्याची किंमतही मांडली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, निजाम खर्डा न होतांही इंग्रजांकडे गेलाच असता. आम्हांस हें मान्य नाहीं. लढाईनंतर त्यानें रागानें इंग्रजांचीं पलटणें निरोप देऊन घालविलीं व रेमाँ या फ्रेंच सरदाराचें दळ वाढविलें. पुत्र अलीजाहाच्या बंडामुळें त्यानें तीं पलटणें परत बोलाविलीं, तरी १७९८ पर्यंत त्याचा मार्ग अगदींच ठरलेला नव्हता. तीं तीन वर्षें पुण्यास मिळालीं होतीं. पण ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव वारला आणि तीं गादीच्या कलहांत गेलीं. १७९६ त त्या कलहासाठींच खर्ड्याचा लाभ निजामास परत देण्याचें वचन नानास द्यावें लागलें. १ सप्टेंबर १७९८ रोजीं निजामानें तैनाती फौज पत्करली. ४ मे १७९९ रोजीं टिपू पडला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस बाजीरावानें तोच जू मानेवर घेतला.

अर्वाचीन काळांतील एक उदाहरण तुलनेस घेण्याजोगें आहे. १९४९ सालीं बारा राष्ट्रांनीं केलेला उत्तर अटलांटिक करार रशियाच्या भयानें झाला. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला, तरी तो करार टिकला व २०२४ पर्यंत त्याचे सभासद बत्तीस झाले. एकावरील हल्ला तो सर्वांवरील, हें त्याचें कलम, आणि मतभेद मांडण्यास कायमचें मंडळ, यांचा त्यांत मोठा वांटा आहे. त्या राष्ट्रांतही तंटे झाले. पण ते मांडण्यास जागा होती. पुणें व हैदराबाद यांच्यामध्यें वकिलांपलीकडे अशी जागा नव्हती.

बीडचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यांत राहिला. दोन दरबारांच्या या सख्य-वैराचे घाव येथील गांवांनीं सोसले. गोदातीरचे रस्ते फौजांच्या पायांखालीं गेले. तरीही त्या गांवांच्या बाजूनें हा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाहीं. देशमुख, देशपांडे व कुळकर्णी यांच्या घरीं जीं जुनीं दप्तरें उरलीं असतील तीं वाळवीच्या मुखीं पडण्यापूर्वीं संशोधकांच्या हातीं यावींत, इतकीच विनंति करून आम्ही हा लेख पुरा करतों.