घरघर थांबली, बरं झालं

मे महिन्यातली अशी दुपार कुठल्याही डीटीपीच्या दुकानात येऊ शकते.

सकाळी 10:00. खोलीत 36 अंश. कॉम्प्युटरचा जुना कॅबिनेट सुरू होतो आणि घरघरतो. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, 80 मिलिमीटरच्या पंख्यातलं तेल सुकलंय. ऑपरेटर वरून एक थाप मारतो. आवाज कमी होतो. या उपायावर आपल्याकडे फार श्रद्धा.

11:30. लग्नपत्रिकांची गर्दी. या जुन्या घडणीत एसएमपीएस वरच्या बाजूला, प्रोसेसरला लागून. पुढच्या जाळीतून हवा आत येते, तापते, वर चढते आणि याच पंख्यातून मागे बाहेर पडते. दुसरा पंखा बसवायची जागा आहे, पंखा नाही. पुढच्या जाळीवर धुळीची गोधडी.

1:05. घरघर थांबते. ‘‘बरं झालं,’’ मालक म्हणतात. पंखा मेलाय.

1:40. आतले भाग 200 वॅट खातात. 80 टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस त्यासाठी भिंतीतून 250 वॅट ओढतो. मधले 50 वॅट त्या पत्र्याच्या डब्यातच उष्णता होऊन राहतात, आणि आता त्यांना वाट नाही.

2:20. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचून स्वतःचा वेग उतरवतो. कोरलड्रॉ अडखळतो. ‘‘व्हायरस असणार.’’ अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन लावलं जातं, म्हणजे प्रोसेसरला आणखी काम, आणखी ताप.

2:50. बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन. प्रोसेसर जरा सावरतो, म्हणून सगळे निर्धास्त. एसएमपीएसचा डबा मात्र बंदच. बाहेरचा वारा त्याच्या अंगाला लागतो, आत शिरत नाही.

3:30. आतले कपॅसिटर फुगतात. दर 10 अंशांनी त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि हे स्वस्तातले, आधीच म्हातारे. व्होल्टेज डळमळतं. मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. एकदा, मग पुन्हा. इथे प्लग काढायला हवा होता. ऑपरेटर बटण दाबतो.

3:48. फट्! 230 व्होल्टची एसी आत सुमारे 325 व्होल्टची डीसी होते. ती अडवणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय. एमसीबी पडतो, दुकान अंधारात, जळका वास. उष्णता वाढल्यावर आपोआप बंद पडण्याची सोय या एसएमपीएसमध्ये नव्हतीच.

4:15. पत्रिकेचं प्रूफ बघायला वधूपिता दारात. एसएमपीएस संध्याकाळपर्यंत नवा येईल. जाता जाता जुन्यानं 12 व्होल्टच्या वायरवरून काय पाठवलं, ते मात्र हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडल्यावरच कळेल.