शेवट कोणाच्या हातचा?

कादंबरीवरून चित्रपट काढायचा म्हणजे काटछाट आलीच. पात्रे गळतात, प्रसंग आकसतात. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. कादंबरीचा शेवट बदलणे ही गोष्ट मात्र आम्ही निराळी मानतो. दोन इंग्रजी कादंबऱ्यांचा या बाबतीतला इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

जॉर्ज ऑर्वेल यांची 'ॲनिमल फार्म' ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. मालकाला हाकलून जनावरे मळा ताब्यात घेतात आणि हळूहळू डुकरेच नवे मालक होऊन बसतात. अखेरीस डुकरे व शेजारचे मळेवाले एकाच टेबलाभोवती पत्ते खेळतात, भांडतात. खिडकीतून पाहणाऱ्या बिचाऱ्या जनावरांना दोघांतला फरक कळेनासा होतो. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत वारले. त्यांच्या पत्नी सोनिया यांच्याकडून हक्क घेऊन अमेरिकन निर्माते लुई द रोशमाँ यांनी लंडनच्या जॉन हॅलस व जॉय बॅचलर या दांपत्याकडून ॲनिमेशनपट करवून घेतला. पडद्यामागे पैसा होता सी.आय.ए. या अमेरिकन गुप्तचर संस्थेचा. ही गोष्ट उघडकीस यायला पुढे बरीच वर्षे लागली.

डिसेंबर १९५४ मध्ये चित्रपट न्यूयॉर्कला झळकला, तेव्हा त्या शेवटच्या टेबलाशी माणसे नव्हतीच. होती ती फक्त डुकरे. आणि जनावरे बेंजामिन गाढवाच्या मागोमाग उठाव करून आत घुसली. ऑर्वेल यांनी जुन्या व नव्या मालकांना एकाच मापाने मोजले होते. ते माप गैरसोयीचे ठरले, म्हणून माणसांना खोलीबाहेर काढण्यात आले. प्रेक्षकाला आशा हवी, असे समर्थन कोणी करील. आशा हा तर आमच्या प्रवचनांचा नित्याचा विषय! पण उसनी चिकटवलेली आशा आम्हांला पटत नाही. त्याच महिन्यात, १२ डिसेंबरला, बी.बी.सी.ने ऑर्वेल यांचीच 'नाइन्टीन एटी-फोर' दूरदर्शन नाटकाच्या रूपात त्यातील निराशेसह दाखवली. तक्रारींचा गदारोळ उठला, प्रकरण संसदेपर्यंत गेले. तरी चार दिवसांनी कलावंतांनी तोच प्रयोग पुन्हा थेट सादर केला.

अँथनी बर्जेस यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'च्या (१९६२) बाबतीत उलटे घडले. मँचेस्टरच्या कॅथलिक घरात जन्मलेल्या या लेखकाने एकवीस प्रकरणे लिहिली. अमेरिकन प्रकाशकाने शेवटचे गाळले, आणि स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९७१ चा चित्रपट त्या तोकड्या प्रतीप्रमाणे संपतो. सरकारी उपचारांनी गुंड ॲलेक्सची दुष्कृत्य करण्याची शक्तीच हिरावली जाते. जो निवड करू शकत नाही तो चांगला कसा, हा तुरुंगातील धर्मगुरूचा सवाल कुब्रिक यांनी राखला आहे. पण पडद्यावर ॲलेक्सला पाप निवडण्याचे स्वातंत्र्य तेवढे परत मिळते. एकविसाव्या प्रकरणात तोच ॲलेक्स हिंसेला आपणहून कंटाळतो, बायको-मुलाची स्वप्ने पाहू लागतो. नेमके तेच पान चित्रपटात नाही.

ब्रिटनमध्ये हा चित्रपट १९७३ साली खुद्द कुब्रिक यांनीच मागे घेतला. तो पुन्हा लागला २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. अमेरिकन आवृत्तीत गाळलेले प्रकरण १९८६ मध्ये परत आले. चित्रपटावरील आक्षेपांना उत्तरे देण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे बर्जेस यांच्याच वाट्याला आले होते.